आपले पॉइंट

माणसं चेहऱ्याने लक्षात राहतात म्हणतात. धाकटीला ती नाकाने लक्षात राहायची. चष्म्याच्या दुकानात उभं आयुष्य गेलं की असं होतं. दुकान बसथांब्यासमोर. पुढे काचेचं दार आणि फ्रेम लावलेल्या भिंती, मागे पडद्याआड एक अरुंद खोली, तिच्यात एक टेबल, गरम हवेचं यंत्र, पेचकसांचा डबा आणि धाकटी. डोळे तपासायला डॉक्टर होते, महागडी फ्रेम गळ्यात मारायला मालक होते, पण चष्मा शेवटी माणसाच्या तोंडावर बसवायचा तो धाकटीनेच. "चष्मा घसरला की लोकांना वाटतं नंबर चुकला," ती म्हणायची. "नंबर बरोबर असतो हो. नाकाचा हिशेब कुणी धरलेला नसतो." गिऱ्हाईक हसायचं. तेवढ्यात ती त्याच्या कानामागे बोट घालून काडी कुठे टोचते ते बघायची, काडी यंत्रापुढे धरून मऊ करायची, इवलासा वाक द्यायची आणि पुन्हा चढवायची. मान हलवा. खाली बघा. आता शिंकून दाखवा. एरवी नाकावर माशी बसू न देणारे साहेब तिच्यापुढे नाक पुढे करून शाळकरी पोरासारखे बसायचे.

धाकटी हे काही तिचं नाव नव्हे. बहिणी दोनच, आई लवकर गेलेली, थोरलीने हिला न्हाऊमाखू घालून वाढवलेलं. तिने "धाकटे!" म्हणून हाक मारायची सवय लावली आणि ती हाक सासरी, दुकानात, शेजारीपाजारी सगळीकडे हिच्यामागे गेली. केस पिकले, गुडघे कुरकुरायला लागले, तरी बाई आपली धाकटीच.

नवऱ्याला सगळे पाहुणे म्हणत. ते नाव मुलाने ठेवलं. पाहुणे बाटल्यांना झाकणं लावायची यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत होते. जिथे म्हणून बाटली भरली जायची तिथे यंत्र विकायला, बसवायला, बिघडलं की गिऱ्हाइकाची समजूत घालायला पाहुणे विमानाने जायचे. मुलगा बोबडं बोलत होता तेव्हाची गोष्ट. दार वाजलं, पोराने स्टुलावर चढून कडी काढली, बॅग घेऊन उभा असलेला माणूस नीट निरखून पाहिला आणि आत तोंड करून ओरडला, "आई, पाहुणे आलेत!" घरात होते नव्हते ते सगळे पोट धरून हसले. पाहुणेही हसले. धाकटी चहा टाकायला आत वळली. ती हसली की नाही ते बघायला कुणी गेलं नाही.

तर हे पाहुणे जितके उडायचे तितके त्यांच्या खात्यात पॉइंट जमायचे. विमान कंपनीने सोनेरी रंगाचं कार्ड दिलं होतं, ते ते पाकिटात मुलाच्या फोटोच्या पुढे ठेवायचे. घरात नळ फुटला तेव्हा पाहुणे विमानात. मुलाचा हात मोडला तेव्हा विमानतळावर. सासूबाईंना शेवटचं पाणी धाकटीने पाजलं आणि पाहुणे दुसऱ्या दिवशी बॅगेसकट येऊन रडले. फोनवर त्यांचं एकच म्हणणं असायचं, "अगं, मी काय इथे मजा मारतोय का? पॉइंट जमतायत आपले. एकदा मोकळा झालो की आपण सगळं जग बघू."

आपले. 'आमचे' म्हटलं असतं तर ऐकणारी उंबऱ्याच्या बाहेर राहिली असती. 'आपले' म्हटलं की ती आत आली. पाहुणे कधी चुकूनही 'माझे पॉइंट' म्हणाले नाहीत. त्या एका शब्दावर धाकटीने संसार रेटला असं म्हटलं तर वावगं होणार नाही. दाराशी कुणी येऊन "साहेब आहेत का?" विचारलं की ती "नाहीत, बाहेरगावी आहेत" म्हणायची, आणि म्हणताना मनात कुठेतरी थोडे पॉइंट जमा करायची. बायका अशा कशाकशावर जगतात याचा हिशेब कुठलीच कंपनी ठेवत नाही.

थोरली लग्न होऊन फार लांबच्या देशात गेली, तिथेच विधवा झाली, तिथेच एका इमारतीत एकटी राहत होती. कामाला येणारी बाई आणि आठवड्याचा धाकटीचा फोन एवढीच तिची माणसं. तिचे यजमान गेले तेव्हा धाकटीला जायचं होतं. पाहुण्यांना सुट्टी नव्हती आणि पॉइंटही म्हणे थोडे कमी पडत होते.

ताईचे डोळे बिघडल्याची बातमी आली ती हसत हसत. "धाकटे, काल मी शेजारणीला टपालवाला समजले गं!"

धाकटी हसली नाही. असली माणसं तिने दुकानात पाहिली होती. डोळ्याच्या मागच्या पडद्याचा नेमका मधला भाग झिजत जातो. कडेचं सगळं दिसत राहतं. दार दिसतं, खिडकी दिसते, कुणीतरी आत आलं एवढं कळतं. जो समोर उभा असतो त्याचा चेहरा तेवढा दिसत नाही.

"डॉक्टर काय म्हणतात, ताई?"

"एक डोळा गेल्यात जमा आहे. दुसरा अजून काही महिने चालेल म्हणतात, जाड भिंगाचा चष्मा लावला तर. मग चेहरे ओळखू यायचे नाहीत. येणार असशील तर आता ये बाई. आवाज काय, तो मी फोनवर ऐकतेच. मला तुझं तोंड बघायचंय."

पाहुणे त्याच वर्षी निवृत्त झाले होते आणि घरात नको तिथे सापडत होते. ही बातमी ऐकून त्यांच्या अंगात वारं शिरलं. "झालं! आता आपले पॉइंट काढायचे," म्हणाले आणि जेवणाच्या टेबलावर कॉम्प्युटर मांडून बसले. धाकटीला ते त्या क्षणी फार आवडले, हेही सांगायला हवं. एवढ्या वर्षांचं येणं वसूल होणार होतं, आणि तेही ताईसाठी.

आता गंमत अशी, की तिकीट काढणं हे काम पाहुण्यांनी जन्मात केलं नव्हतं. कंपनीत एक तिकीटवाली होती. विमान चुकलं की पाहुणे तिला फोन लावायचे आणि त्यांची कॉफी संपायच्या आत ती दुसऱ्या विमानात जागा करून द्यायची. राबायची ती, आणि पाहुण्यांना वाटायचं आपण विमानप्रवासातले दर्दी. त्यांना शोध लागला, की ताईच्या गावापर्यंतचं सबंध तिकीट एकत्र काढलं तर पॉइंट जास्त जातात. तेच तोडून काढलं, म्हणजे मधल्या मोठ्या विमानतळापर्यंत एका कंपनीचं आणि तिथून पुढचे दोन टप्पे दुसऱ्या कंपनीचे, तर बरेच वाचतात. स्वतःवरच खूश होऊन त्यांनी मुलाला फोन लावला.

मुलगा म्हणाला, "बाबा, एकाच तिकिटावर काढा. पहिलं विमान उशिरा पोचलं तर पुढची कंपनी हात वर करेल. तुम्ही कुठून येताय याच्याशी तिला काही देणंघेणं नसतं."

"तू मला विमानं शिकवणार? मध्ये भरपूर वेळ ठेवलाय. आणि वाचतायत ते पॉइंट आपलेच ना?"

फोन ठेवून ते धाकटीकडे वळले. "तू एकच लक्षात ठेव. असा टप्प्याटप्प्याचा प्रवास असला की एकही टप्पा गाळायचा नाही. एकात बसलो नाही की पुढचे सगळे आपोआप रद्द, परतीचेसुद्धा. कुणी विचारायलाही येत नाही." धाकटीने मान डोलावली. तिचं लक्ष चष्म्याकडे होतं.

ताईच्या डॉक्टरांच्या कागदावरचे आकडे कामवाल्या बाईने फोनवर वाचून दाखवले होते. भिंगं धाकटीने मालकांकडून मागवून घेतली आणि दुपारच्या मोकळ्या वेळात स्वतः फ्रेममध्ये चढवली. मालक म्हणाले, "माप कुणाच्या नाकाचं घेणार?" तिने स्वतःच्या नाकावर बोट ठेवलं. दोघी बहिणींचं नाक एकच होतं, आईचं. "आईने मागे दागिना ठेवला नाही, नाक ठेवलं," असं ताई म्हणायची. तेव्हा धाकटीने चष्मा आरशासमोर स्वतःच्या नाकावर बसवला. जाड भिंगातून तिला स्वतःचा चेहरा दिसला नाही, नुसता गोरा डाग दिसला. काड्या तिने मुद्दाम सरळ ठेवल्या. नाक एक असलं तरी कान ज्याचे त्याचे असतात. तो वाक समोर माणूस असल्याशिवाय देता येत नाही. ताईच्या घरी भांड्यात कढत पाणी घ्यायचं, काडी त्यात धरायची, मऊ झाली की तिच्या कानामागे वळवायची, असं तिने मनात ठरवून टाकलं. निघायच्या आधी आठवडाभर ती हे मनातल्या मनात करत होती. ताई शिंकून दाखवेल, चष्मा घसरणार नाही, आणि मग ती हिच्याकडे बघेल.

पहिलं विमान जागचं हलेना. दार लावून, पट्टे बांधून माणसं बसलेली आणि विमान आपलं उभं. काहीतरी दुरुस्ती चालू आहे, असं दर थोड्या वेळाने कुणीतरी गोड आवाजात सांगत होतं. धाकटीने दोनदा पाहुण्यांकडे बघितलं. "काळजी करू नकोस," पाहुणे म्हणाले. "कार्डवाल्यांसाठी थांबतात ते." तिसऱ्यांदा बघितलं तेव्हा ते डोळे मिटून बसले होते, पण झोपलेले नव्हते.

मधल्या विमानतळावर उतरली तेव्हा दोघं धावत सुटली. गुळगुळीत फरशी, सरकते जिने, अत्तरांची दुकानं. पाहुणे बॅग ओढत पुढे, धाकटी गुडघा धरत मागे. या क्रमाची दोघांनाही सवय होती. पोचली तेव्हा दार लागलेलं होतं. काचेतून विमान स्पष्ट दिसत होतं, हातभर अंतरावर असल्यासारखं. दाराशी उभा असलेला माणूस नम्रपणे नाही म्हणाला, पाहुण्यांनी कार्ड दाखवल्यावर जास्त नम्रपणे नाही म्हणाला.

मग टोलवाटोलवी सुरू झाली. पाहुण्यांनी पॉइंटच्या खात्याचा नंबर फिरवला, तिथली म्हणाली, विमान ज्यांचं त्यांना विचारा. विमानवाले म्हणाले, पॉइंटचं तिकीट आहे, खातं जिथे आहे तिथे विचारा. पहिल्या विमानवाल्यांनी सरळ हात वर केले: तुमचं आमच्याकडचं तिकीट इथपर्यंतचं होतं, आम्ही तुम्हाला इथपर्यंत आणलं. पाहुण्यांचा आवाज प्रत्येक फोनला थोडा थोडा उतरत गेला. एकदा तर त्यांनी फोनमध्ये नाव शोधता शोधता कंपनीच्या त्या जुन्या तिकीटवालीच्या नावापाशी बोट थांबवलं. ती कधीच नोकरी सोडून गेली होती. धाकटीला त्यांची दया आली. चांगली बायको होण्याचा हा एक वाईट भाग आहे, की दया नेमकी नको तेव्हा येते.

शेवटी कार्डवाल्यांसाठी वेगळा काउंटर आहे असं कळलं. तिथे रांग नव्हती, खुर्च्या होत्या, फुलं होती. काउंटरवरच्या मुलीचा चष्मा सारखा नाकाच्या शेंड्यावर येत होता आणि ती तो बोटाने वर ढकलत होती. डाव्या कानामागची काडी सैल आहे, धाकटीला लांबूनच कळलं.

मुलगी म्हणाली, "तुम्ही विमानात बसला नाहीत म्हणून पुढचे सगळे टप्पे आपोआप रद्द झालेत, परतीचेसुद्धा."

"ते मला माहीत आहे," पाहुणे म्हणाले. यातही त्यांना थोडं बरं वाटलेलं दिसलं.

"तुमच्या कार्डामुळे मी एक गोष्ट करू शकते. तासाभराने सुटणाऱ्या विमानात पॉइंटवरची एक जागा दिसतेय. एकच. त्यानंतर आठवडाभर तरी काही दिसत नाही. हवं तर मी तुमचं दोघांचं बुकिंग तोडून वेगवेगळं करते, एक जण आज पुढे जाईल." तिने पडद्यावर बघितलं. "पॉइंट कोणाचे आहेत?"

"माझे," पाहुणे म्हणाले.

इतकं पटकन आणि इतकं स्वच्छ म्हणाले, की धाकटीने वळून बघितलं. दुसरंच कुणीतरी बोललं असावं असं तिला वाटलं. पण तिथे दुसरं कुणी नव्हतं.

"जागा दोघांपैकी कोणालाही देता येईल," मुलगी म्हणाली. "कोण जाणार?"

धाकटी थांबली. ताई तिची होती. चष्मा तिच्या पर्समध्ये होता. 'मी जाते' हे दोन शब्द तिच्या जिभेवर होते, पण तिला ते स्वतः म्हणायचे नव्हते. तिला ते ऐकायचे होते. 'तू जा' एवढंच. त्यासाठी पॉइंट लागत नाहीत की कार्ड लागत नाही. पाहुण्यांनी हनुवटी खाजवली.

"तसं बघायला गेलं तर," ते म्हणाले, "तू एकटी कशी जाशील? मध्ये अजून एकदा विमान बदलायचंय. तिथे काही अडलं तर तुला बोलता यायचं नाही. आणि कार्ड माझं, त्याची सोय तुला लागू नाही. एकाने तरी पोचलेलं बरं, नाहीतर पॉइंट फुकट जायचे. मी पोचतो आणि तिथून तुझं बघतो. परवापर्यंत करतोच काहीतरी."

"विकत घेतलं तर माझं?"

"विकत?" देवघरात चप्पल घालून शिरलेल्या माणसाकडे बघावं तसे पाहुणे तिच्याकडे बघत राहिले. "पॉइंट असताना?"

काउंटरवरच्या मुलीने चष्मा वर ढकलला. "मॅडम?"

"त्यांना द्या," धाकटी म्हणाली.

हे ती रागाने म्हणाली होती. पाहुण्यांना तो समजूतदारपणा वाटला. त्यांनी तिच्या खांद्यावर थोपटलं. जाण्यापूर्वी तिने पर्समधून चष्म्याची डबी काढून त्यांच्या हातात ठेवली. "काड्या सरळ आहेत. कढत पाण्यात धरायच्या, कोमट नको. मऊ झाल्या की तिच्या कानामागे वळवायच्या. नुसता चढवू नका, घसरेल." पाहुणे हो हो म्हणाले. त्यांचं लक्ष दाराकडे होतं. आयुष्यभर तिने दारातून निरोप दिला होता, आता विमानतळाच्या आत येऊन दिला. इतकंच काय ते जग तिने बघितलं.

परतीचं तिकीट तिने तिथेच स्वतःच्या कार्डावर विकत घेतलं. चहा उकळायलासुद्धा जास्त वेळ लागतो. सामानाची चौकशी, कुठलं दार, कुठली बस, सगळं तिने हातवारे करत, विचारत विचारत केलं. विमानात बसल्यावर तिच्या ध्यानात आलं: पुढे एकटीने जाणं तिला जमणार नव्हतं, मागे एकटीने जाणं जमणार होतं. हे पाहुण्यांना कुठल्या तर्काने सुचलं असेल याचा ती उतरेपर्यंत विचार करत होती.

पाहुणे सुखरूप पोचले. फोटो आला. ताईच्या आरामखुर्चीत पाहुणे, हातात कप, तोंडभर हसू. शेजारी ताई, वाळून कोळ झालेली, आणि तिच्या नाकाच्या शेंड्यावर तिरका लोंबणारा चष्मा. काड्या कानांवरून सरळ मागे गेलेल्या. धाकटीने फोटो बोटांनी मोठा केला, पुन्हा लहान केला.

"काड्या वळवल्या नाहीत?"

"अगं, ते राहूनच गेलं. पण बसलाय की!"

मग ताई फोनवर आली. "चष्मा छान केलास गं. एका हाताने धरून ठेवावा लागतो, पण काय लख्ख दिसतं! पाहुण्यांचं तोंड किती वर्षांनी नीट बघितलं. म्हातारे झाले की ते." मग तिने विचारलं, "तू कधी येतेस?"

पाहुणे रोज सांगायचे, आज जागा सुटली नाही, उद्या सुटेल. धाकटी म्हणाली, मी ठेव मोडते आणि विकत तिकीट काढते. "वेडी आहेस का? आपले पॉइंट आहेत ना? थांब जरा." ती थांबली. का थांबली असं विचारणं सोपं आहे. ज्या बाईने थांबण्याचीच नोकरी एवढी वर्षं इमानेइतबारे केली, तिला ती एका आठवड्यात सोडता येत नाही. तिचा तिलाही राग यायचा. दुकानात ती गिऱ्हाइकांच्या काड्या गरजेपेक्षा जोरात वाकवू लागली. एकदा एक काडी तिच्या हातात मोडली, आणि असं पूर्वी कधी झालं नव्हतं.

मग एका सकाळी ताईच्या चांगल्या डोळ्यात आतल्या आत रक्त उतरलं. पाहुण्यांनी तिला दवाखान्यात नेलं, धावपळ केली, खोटं कशाला बोला. डॉक्टरांनी सुया टोचल्या, पण मधला भाग गेला तो गेलाच. आता कडेकडेने दिसेल, म्हणाले. ताईने शेवटचा नीट पाहिलेला चेहरा पाहुण्यांचा होता.

धाकटीने त्याच दिवशी बँकेत जाऊन ठेव मोडली.

पाहुणे परत आले तेव्हा दार तिनेच उघडलं. बॅग टेकवताच ते म्हणाले, "एक चांगली बातमी. तुझ्या तिकिटाचे पॉइंट कापून घेत होते, मी भांडून खात्यात परत आणले. आपले पॉइंट वाचले. आता जरा सगळं निवळू दे, मग आपण सावकाश जाऊ."

"तुमचे," धाकटी म्हणाली.

"काय?"

"पॉइंट. तुमचे आहेत ते. त्या मुलीला तुम्हीच सांगितलंत."

पाहुण्यांना आठवायलाही वेळ लागला. "अगं, काहीतरीच काय! ती एक बोलायची पद्धत झाली."

"हो ना. आणि आपले म्हणायचात, तीही बोलायचीच पद्धत."

तिची बॅग पलंगाशी भरून ठेवलेली होती, ती त्यांना आता दिसली. वरच्या कप्प्यात तिकीट होतं, शेवटपर्यंतचं एकच, एकाच माणसाच्या नावाचं. पाहुणे पलंगाच्या कडेवर बसले. "एकटी कशी जाशील तू?"

"परत आले तशी," ती म्हणाली आणि कुठला डबा कुठे आहे, दूध कधी येतं, गॅस कुठून बंद करायचा ते त्यांना दाखवायला लागली. त्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं.

ताईच्या खोलीत एक खिडकी होती आणि खिडकीपाशी खुर्ची. धाकटी आत गेली तेव्हा ताईने तोंड तिच्यापासून वळवून खिडकीकडे केलं. ताई रागावली आहे असं क्षणभर धाकटीला वाटलं. मग तिच्या लक्षात आलं. ताई तिला डोळ्याच्या कडेने बघायचा प्रयत्न करत होती. समोर धरलं की ती नाहीशी होत होती.

"कुणीतरी आलंय एवढं दिसतंय," ताई म्हणाली. "रंग निळा आहे का साडीचा?"

"हिरवा आहे, ताई."

ताईने हात पुढे केला, चाचपडत तिचं नाक सापडलं, आणि ते चिमटीत धरून ती बराच वेळ बसली. दोघी रडल्या. मग धाकटीने डोळे पुसले, स्वयंपाकघरातून भांड्यात कढत पाणी आणलं, टेबलावर पडलेला चष्मा उचलला आणि काडी पाण्यात धरली. मऊ झाल्यावर ताईच्या कानामागे बोट ठेवून तिने वाक दिला, आधी एका बाजूला, मग दुसऱ्या. कान खरंच वेगळे होते. ताईचा डावा थोडा वर होता, हे धाकटीला लहानपणापासून माहीत असायला हवं होतं.

"मान हलव. खाली बघ. आता शिंकून दाखव."

ताई खोटं खोटं शिंकली. चष्मा हलला नाही. अगदी मापात बसला होता, आणि त्यातून बघण्यासारखं ताईला आता काही उरलं नव्हतं. तरी ती तो काढू देईना.

"पाहुण्यांचं तोंड मला अगदी आठवतं बघ," ती म्हणाली. "गालावरचा तीळसुद्धा. तुझं तेवढं लग्नातलंच आठवतं." मग रिकाम्या दाराकडे मान वळवून तिने विचारलं, "आणि ते कुठेत? या वेळी नाही आले?"

"घरी आहेत," धाकटी म्हणाली. लग्न झाल्यापासून हे दोन शब्द नवऱ्याबद्दल तिच्या तोंडून पहिल्यांदाच निघाले होते.